अध्यक्षपद एकदाच

गौरवलेख शांत चित्तानं लिहावा म्हणतात. माझं चित्त काही ठिकाणावर नाही. आमच्या डॉ. निर्मलाताई साळवे येत्या आठवड्यात पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत आणि त्याच आठवड्यात राष्ट्रीय हवामान सल्लागार मंडळाचं अध्यक्षपद सोडत आहेत. पहिल्या गोष्टीचा आनंद मानू की दुसरीची धास्ती घेऊ, मला कळेनासं झालं आहे.

ताईंची नि माझी ओळख जालन्यात झाली. मी तेव्हा एका बियाणे कंपनीत होतो, तोंडाचा पट्टा जोरात. आमचं वाण कमी पावसात कसं तग धरतं, हे रंगवून सांगत होतो. कृषी हवामानशास्त्र शिकवणाऱ्या, धावडा गावच्या या बाई सगळं ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ज्यांचं आलं त्यांचं कळलं. ज्यांच्या रानात उगवलंच न्हाई, त्यांच्याकडं कधी गेल्ते का?" दुसऱ्या दिवशी माझ्याच मोटारसायकलवर मागे बसून त्या मला तिकडे घेऊन गेल्या.

हवामानबदलावर सरकारला सल्ला देणारं, पण सरकारच्या मुठीत नसणारं मंडळ हवं, हा हट्ट त्यांनी वर्षानुवर्षं धरला. कायद्याचा मसुदा ठरताना एक बडे अधिकारी गोड आवाजात म्हणाले, "अहवाल आधी आम्हाला दाखवत चला, मग जाहीर करा." ताई म्हणाल्या, "वाढायच्या आधी मीठ चाखणं वेगळं. तुम्ही तर ताटच बदलाल." अखेर कायद्यात आलं: अहवाल संसदेला आणि लोकांना एकाच दिवशी मिळेल, सल्ला मानायचा नसेल तर सरकार लेखी कारण देईल, आणि अध्यक्षाला मुदत एकच. हे शेवटचं कलम ताईंनीच घातलं. त्या वेळी मला ते फार आवडलं होतं. आता त्यानंच माझी झोप उडवली आहे.

मंडळ चालवण्याची त्यांची एक रीत आहे. ज्याचा हितसंबंध, त्यानं चर्चेच्या वेळी उठून व्हरांड्यातल्या बाकावर बसायचं. मी मंडळाचा सचिव; बियाण्यांचा विषय निघाला की मला म्हणणार, "सचिवसाहेब, चहा घ्या अन् बाहेर बसा." मला राग यायचा, कंपनी सोडून जमाना झाला होता! मग उसाला लागणाऱ्या पाण्याचा विषय आला. ताईंच्या धाकट्या भावाचा ऊस अंकुशनगरच्या कारखान्याला जातो. अध्यक्षा स्वतः उठल्या, खुर्ची उपाध्यक्षांना दिली आणि बाकावर जाऊन बसल्या. मंडळानं ऊस कमी करण्याचा सल्ला दिला. भावानं कित्येक महिने अबोला धरला. ताई त्यापायी रडल्या, मी पाहिलं आहे. पण अहवालातला शब्द हलला नाही.

एवढ्या कडक बाई! पण माझी आई जालन्यात दवाखान्यात होती आणि मी दिल्लीत अडकलो होतो, तेव्हा धावड्याहून येऊन तिच्या उशाशी बसल्या. आईला म्हणाल्या, "तुमचा लेक कामाचा हाय, फक्त लय बोलतो." आई बरी होऊन घरी आल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच ऐकवत होती.

आता ऐका. गेल्या महिन्यात सरकारकडून निरोप आला, ताईंसाठी एका मुदतीचं कलम बदलायची तयारी आहे. आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. अहवाल आधी दाखवण्याची मागणी पुन्हा डोकं वर काढते आहे. ताई असल्या तर कुणाची टाप नाही. मी तडक धावडा गाठलं. ताई ओट्यावर शेंगा सोलत होत्या.

"ताई, हो म्हणा. तुम्ही गेलात की हे मंडळ गिळतील."

"मंग इतकी वर्षं मी मंडळ न्हाई, नुसती माझी खुर्चीच उभी केली म्हणायची."

"पण ताई..."

"अहो, आज माझ्यासाठी एक कलम बदलू दिलं, तर उद्या दुसऱ्याला हात घालताना त्यांना कोणत्या तोंडानं अडवायचं? बिलकुल न्हाई."

मी चिडलो. तुम्हाला काळजीच नाही, असंही बोलून गेलो. त्या हसल्या नाहीत.

"लय हाय. डोळ्याला डोळा लागत न्हाई. म्हणूनच जाऊन राह्यले."

ताई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. गुडघे साथ देवोत, भावाशी गप्पा रंगोत. आणखी एक शुभेच्छा आहे. ती लिहिताना माझा जीव खालीवर होतो, पण तिच्याशिवाय तुम्हाला बाकीच्या गोड लागणार नाहीत. तुमच्या शंभरीला मंडळात बसलेल्या एकालाही तुमचं नाव ठाऊक नसो, आणि त्यांचा अहवाल आधी कुणालाही न दाखवता लोकांपुढे आलेला असो.