इथे कोण आदिवासी बसलेत?

वडे तळून मी हॉलमध्ये आले तर माझ्या मुलीच्या तोंडाला काळा रंग फासलेला. गालांवर पांढरे ठिपके. कमरेला क्रेप पेपरचं गवत, हातात पुठ्ठ्याचं बूमरँग. दंडांवर वारली चित्रं. म्हणजे आमची. सात वर्षांची रेवा खुशीत उड्या मारत होती.

"अगं, किती क्यूट जंगली दिसतेय!" वहिनी म्हणाल्या. इंग्लंडमधल्या रीडिंगच्या आमच्या मराठी मंडळात सगळेच त्यांना वहिनी म्हणतात, कार्यक्रम त्याच बसवतात. यंदाची थीम, जगभरचे आदिवासी.

मी जव्हारकडची. वारली. ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, मंडळात वडे करते. आडनावावरून कुणाला काही कळत नाही. त्या हॉलमध्ये एकाच बाईला माहीत होतं. मार्गारेट, आमची शेजारीण, रिटायर्ड नर्स. ऑस्ट्रेलियातली आदिवासी. मीच तिला वडे खायला बोलावलं होतं.

तिनं एकदा चहा पिताना सांगितलेलं. लहानपणी गावच्या पोहण्याच्या तलावात यांच्या पोरांना घेत नसत. यांच्या अंगाला रोग असतात म्हणे. मग शहरातून बसभरून विद्यार्थी आले. पोरांना घेऊन गेटवर उभे राहिले. गावानं अंडी मारली, टोमॅटो मारले. हे हलले नाहीत.

पडदा उघडला. "झिंगालाला हुर्र! हुर्र!" पोरं भाले नाचवायला लागली. लोक हसून बेजार. मार्गारेट खुर्चीतून उठली आणि तशीच उभी राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "एक्स्क्यूज मी, कॅन यू प्लीज सिट डाउन?"

"नो."

आणि मी? भिंतीला चिकटलेली. राग इतका की रडू आलं. शेवटी कशीबशी स्टेजवर चढले, रेवाला उचललं.

"मम्मा, माझा डान्स!" ती किंचाळली. मला लाथा मारल्या. लोकांना वाटलं, पोरीला शू लागली असेल.

बाथरूममध्ये मी हँडवॉशनं तिचं तोंड घासत होते. रंग जाईना. पोर रडतेय. मागून वहिनी आल्या.

"अगं, एवढं काय? मजा आहे नुसती. इथे कोण आदिवासी बसलेत वाईट वाटून घ्यायला?"

"मी आहे, वहिनी. वारली."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग गोड हसल्या.

"वाटत नाहीस हं अजिबात."

कौतुक होतं ते. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

मी बाहेर येऊन माइक मागितला. "आता नको गं, रॅफलची सोडत आहे," वहिनी म्हणाल्या. रॅफल झाली. कुणाला तरी एअर फ्रायर लागला. टाळ्या. मी माइकशेजारी उभी, हात रिकामे. मग रेवाला घेऊन निघाले.

गाडीत रेवानं विचारलं, "मम्मा, वारली म्हणजे कोण?"

सात वर्षांत पहिल्यांदा. मी गाडी कडेला घेतली आणि तिला सांगितलं.

वहिनी, पुढच्या वर्षी थीम काहीही ठेवा. मी स्टेजवर येणार आहे, रेवाला घेऊन. माइक बंद केलात तर ओरडून सांगेन आम्ही कोण ते. उतर म्हणालात तर उतरणार नाही. मला उचलून बाहेर काढावं लागेल.