हळू फिरणारी तबकडी

सत्तरच्या दशकातली, सोलापूरच्या कडक उन्हाळ्यातली एक दुपार. दोन्ही हातांत भावाचा नवा रेकॉर्ड प्लेअर, काखेत एक नवीकोरी एलपी, आणि मी तावातावानं शेजारच्या गुंडप्पाकाकांच्या घरात शिरले... भांडायच्या तयारीनं.

भांडण होतं मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीशी. जुन्या तबकड्यांवरची नाट्यपदं त्यांनी नव्या एलपीवर काढली होती, आणि त्यात एक पद काकांच्या आईचं होतं.

तुळसाबाई त्यांचं नाव. बायकांच्या एका नाटक कंपनीत गायच्या. एकच तबकडी निघाली, आणि काका दोन वर्षांचे असताना तापाच्या साथीत त्या गेल्या... फोटोसुद्धा नाही.

त्या काळी पद संपलं की गाणारा स्वतःचं नाव सांगायचा. यांच्याही तबकडीच्या शेवटी "तुळसाबाई, सोलापूर" एवढं होतं आणि मागोमाग एक उसासा. आईचं बोलणं म्हणून काकांना माहीत होतं ते तेवढंच.

काका कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले. दर रविवारी ते चावीचा ग्रामोफोन लावायचे. शांताकाकू म्हणायच्या, "सासूबाईंनी उसासा टाकल्याबिगर ह्यांचा आइतवार उजाडत न्हाय." त्या उसाशावरून काकांनी अख्खी आई उभी केली होती... जड आवाजाची, थकलेली, सोसणारी.

एलपी आदल्या दिवशी आमच्याकडे काकांना ऐकवली होती. खरखर नाही, पेटी स्वच्छ ऐकू येत होती... पण आवाज उंच, पातळ. शेवटचं नाव तर कापूनच टाकलेलं. काकांनी हातातला कप खाली ठेवला. "ही माजी आई न्हाय," म्हणाले.

तेव्हा मी गावभर बायकांच्या प्रश्नांवर भाषणं करत फिरायचे. माझं डोकंच फिरलं. "कव्हरवर पुरुषांची नावं ठळक, आणि ही 'व इतर'मध्ये? वर नाव कापायचं, आवाजही बदलायचा?"

"बाई, हितं माईक न्हाय," काका म्हणाले. "हळू बोल."

तबकडी वेगात फिरली की आवाज पातळ होतो, हळू फिरली की जड. म्हणजे कंपनीवर आरोप करायचा तर आधी आपलं मशीन तपासायला हवं. प्लेअरबरोबर रेघांचा एक गोल कागद आला होता. तो तबकडीसारखा ठेवून ट्यूबलाइटखाली फिरवायचा. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात.

रेघा थांबल्या. "बघा! आपलं मशीन बरोबर आहे. त्यांनीच गाणं जास्त वेगानं पळवलंय!"

काका कागदाकडे बघत राहिले. "त्यो आमच्या चावीच्या डब्यावर बी ठीव की."

"त्याची काय गरज?"

"वर्कशॉपात एकच माप दोनी बाजूला लावत्यात, बाई."

जुन्या तबकड्यांच्या वेगासाठी कागदावर रेघांचं वेगळं कडं होतं. ग्रामोफोन फिरू लागला आणि त्या रेघा हळूहळू मागं सरकायला लागल्या... म्हणजे तो कमी वेगानं फिरत होता. काकांनी पुन्हा चावी भरली, तेलाचा थेंब सोडला. रेघा मागंच.

वेगाच्या स्क्रूवर शेंदराची एक जुनी खूण होती. "मामानं लावलीया," काका म्हणाले. "त्यानंच मला वाढवलं. म्हनायचा, हळू फिरली की कमी झिजती. आईला जपून वापर."

ती खूण काकांनी जन्मात कधी हलवली नव्हती. त्या दुपारी त्यांनी स्वतःच्या हातानं स्क्रू फिरवला. रेघा थांबल्या, आणि त्यांनी आईची तबकडी ठेवून वर सुई टेकवली.

खरखरीतून एलपीवरचाच आवाज आला. उंच, पातळ... कोवळा. काकांनी सुई उचलली नाही.

पद संपलं. "तुळसाबाई, सोलापूर." पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं, घाईघाईनं. आणि मागोमाग... तो उसासा नव्हताच. तोंडावर हात दाबून आवरलेलं हसू होतं.

"हसती व्हय गं ती?" काकांनी काकूंना विचारलं. काकूंनी पदर तोंडाला लावून नुसती मान हलवली.

"मामा सांगायचा, तबकडी काढली तवा सोळाची हुती म्हनून. मला कदी पटलं न्हाय... पोर हुती की गं. आपल्या सुमीएवढी." सुमी म्हणजे त्यांची नात. एवढं बोलून काका भिंतीकडे तोंड करून बसले. साठीचा माणूस, पाठ हलत होती.

त्यांची आई त्या दुपारी दुसऱ्यांदा गेली. ज्या जड आवाजाच्या बाईनं त्यांना जन्मभर सांभाळलं, ती कधी नव्हतीच... मामाच्या मायेनं वेग कमी झाला होता, इतकंच. तो रेघांचा कागद आणून ती मीच त्यांच्या घरातून नेली होती.

शेवटी मी विचारलं, "काका, स्क्रू परत खुणेवर आणू का?"

"नगं," ते म्हणाले. "हसू दे तिला."

पुढे पद ऐकावंसं वाटलं की ते एलपीच ऐकायचे. जुनी तबकडी धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची. वर्षातून एकदा, आईच्या तिथीला, तेवढी शेवटची ओळ... सुईखाली ते हसू दर वेळी थोडं झिजत होतं, हे त्यांना माहीत होतं.

काका जाऊनही आता खूप वर्षं झाली. कंपनीनं ते नाव कापलं याचा राग मला आजही येतो, आणि तो जाऊ नये असंच वाटतं. सभेत मी अजूनही तावानंच बोलते. पण एखाद्या गेलेल्या बाईचं दुःख सांगायला उभी राहिले की क्षणभर थांबते... ती हसत तर नसेल ना, हे आधी स्वतःला विचारून घेते.