दगडावर कोणाचं नाव

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. सगळी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली, आणि पोरांच्या उत्तरपत्रिका तपासून एवढं कळलं की दोघांची चूक अगदी शब्दाला शब्द सारखी असेल तर ती चूक नसते, काहीतरी वेगळं असतं. त्यामुळे मागच्या वर्षी एका अनोळखी इंग्रज बाईचा मेल आला, ‘तुमचे आजोबा आमच्या गावात बॉम्बहल्ल्यात वारले का?’ असं विचारणारा, तेव्हा मी फोन सरळ मुलापुढे धरला.

मुलगा म्हणाला, “आई, हे लुबाडाचे धंदे हायेत. आज आजोबा विचारून राह्यली, उद्या आधार कार्ड मागन. ओटीपी देऊ नोको तिले.”

ओटीपी देणार नव्हतेच. पण तिला आजोबांचं नाव ठाऊक होतं. पांढरकवड्याच्या जुन्या जिनिंगवर, म्हणजे कापसाच्या कारखान्यावर, मी कधीतरी एक लेख लिहिला होता, तो कुणीतरी नेटवर टाकला होता, तिथून तिला मी सापडले म्हणे. मी ताकही फुंकून पिणारी. महिनाभर उत्तर दिलं नाही.

आबाजी, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, त्या जिनिंगमध्ये फिटर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत सरकारने इकडची कारागीर पोरं विलायतेच्या कारखान्यांत शिकायला नेली, त्यांत पांढरकवड्याचे दोघे होते. एक आमच्या महारवाड्यातले आबाजी, दुसरा वरच्या आळीतल्या एका मोठ्या घरचा थोरला मुलगा. तो परत आला नाही. आबाजी आले, पण त्याआधी घरी त्यांच्या मरणाची तार येऊन गेली होती. मागाहून त्यांचं पोस्टकार्ड आलं, तर लोक म्हणाले की कुणीतरी लिहून टाकलं असेल. शेवटी ते स्वतःच दारात उभे राहिले, तेव्हा पणजीने आधी त्यांचे पाय बघितले, उलटे आहेत की सुलटे. संशय आमच्याकडे पिढीजात आहे.

शेवटी मीच त्या बाईला चार खोचक प्रश्न पाठवले. तिने चारही प्रश्नांची उत्तरं दिली, कागदांच्या फोटोंसकट. ती तिकडच्या वाचनालयातून निवृत्त झालेली. गाव सूतगिरण्यांच्या यंत्रांचं. लढाईत त्याच कारखान्यात बॉम्बची कवचं बनू लागली. विमानं आली ती कारखान्यासाठी, पण बॉम्ब पडले शेजारच्या कामगारांच्या चाळींवर. तिची आई तेव्हा लहान होती, त्याच गल्लीत जिन्याखाली लपून वाचली. गल्लीचा आजचा फोटोही तिने पाठवला. एकाला एक लागून विटांची घरं, आणि मध्येच एका घराची जागा मोकळी. तिथे आता गाड्या उभ्या करतात.

त्या जागेवर गावातली मंडळी नवा दगड बसवणार होती, मेलेल्यांच्या नावांचा. नगरपालिकेच्या यादीत आबाजींचं नाव होतं. कारखान्याच्या हजेरीत मात्र ते पुढे कितीतरी महिने कामावर होते. दुसऱ्या पोरापुढे नुसतं ‘बेपत्ता’. एकाच खोलीत दोघं राहत होते, प्रेत एकच सापडलं, आणि शेजारी आबाजींच्या नावाची पेटी. दगड कोरायला द्यायचा आहे, तेव्हा तुमच्या आजोबांचं नाव कोरू की नको, आणि नको तर कोणाचं, एवढंच तिला विचारायचं होतं.

तिच्याबद्दलचा संशय फिटला, तसा मला आबाजींचा येऊ लागला. ते विलायतेबद्दल भरभरून बोलत. दारोदार ठेवलेल्या वाळूच्या बादल्या, खिडक्यांना ठोकलेलं काळं कापड, भोंगा वाजला की फोरमन शिट्टी फुंकत कसा धावे, आणि सकाळी म्हाताऱ्या बाया फुटलेल्या काचा झाडून चहाचं आधण कसं ठेवत. पण “तुमच्यासंगचा तो कसा गेला, आबाजी?” असं विचारलं की “सगळे गेले तसाच,” म्हणून उठून जात. मी लहान असताना याचं काही वाटलं नव्हतं. आता पाल चुकचुकली. दोघं एका खोलीत राहणारे, तर त्या वेळी हे कुठे होते? पेटीवरचं नाव बघून यादी केली असेल, तर यांची पेटी तिथे आणि हे तिथे नाहीत, असं कसं? ज्यांच्या मांडीवर मी पाढे पाठ केले, त्या माणसाने दुसऱ्याला आपल्या जागी मरायला ठेवलं की काय, हे मनात आलं, आणि मला माझीच किळस आली. तरी ते जाईना.

शेवटी वरच्या आळीत गेले. त्या पोराचा पुतण्या अजून आहे, पंचाहत्तरीचा, स्वतःची शेती बघतो; सगळे काकाजी म्हणतात. त्याच्या धाकट्या मुलाला मी शिकवलेलं, म्हणून ओसरीत खुर्ची मिळाली. मी सगळं सांगितलं.

“मॅडम, इतक्या वर्षानं हे काहून? काही केस-बिस करून राह्यले का तुम्ही?”

“केस कशाची करू, काकाजी? दगडावर नाव कोणाचं टाकायचं ते विचारायला आले.”

“मग तुमच्या आबाजीनं सांगतलं नाही?”

“नाही.”

ते उठले, आतलं दार लोटून घेतलं, आणि आवाज खाली आणून बोलले.

“मले बुढीनं सांगतलं, माह्या आजीनं. घरात दुसऱ्या कोणाले नाही. तिथल्या साहेबानं दोघाले एकच खोली देल्ली. आमचे मोठे काका म्हणाले, मी याच्यासंग एका छताखाली झोपणार नाही. साहेबाले हे सांगाची सोय नोती, त्याले काय समजते? मग ठरलं का तुमच्या आबाजीनं कारखान्यात बॉयलरपाशी पोत्यावर झोपाचं, अन् पेटी खोलीतच ठेवाची. साहेब आला तं वाटलं पाहिजे का दोघंही इथंच राह्यते. मग ते झालं. घर गेलं, काका गेले, पेटी सापडली.”

मला राग आला. सात समुद्रापार, वरून बॉम्ब पडताहेत, आणि तिथेही याला बाट लागणार होता! आणि त्याच बाटापायी माझे आबाजी जगले, मी जन्मले, या ओसरीत खुर्चीवर बसले. कोणावर रागवावं ते कळेना. मेलेला बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा.

“तुमच्या आजीला हे कोणी सांगितलं?”

“तुमच्याच आबाजीनं. परत आले त्याच हप्त्यात. आंगणात उभं राहून सगळं सांगतलं. बुढीनं मग सर्वपित्रीले निरोप धाडला, का पितर म्हणून तूच जेवाले ये. म्हणे, माहं पोरगं तुह्या नावानं मेलं, आता त्याच्या नावानं तू जेव.”

आमच्या भागात सर्वपित्री अमावस्येला गेलेल्या माणसाच्या नावाने कुणालातरी पाटावर बसवून जेवू घालतात, ते मला ठाऊक होतं. पण आबाजी? दीक्षा घेतल्यावर घरातले देव स्वतः उचलून नदीत सोडणारे आबाजी पितर बनून जेवायला जात? माझा विश्वास बसेना. म्हातारा मला गोड गोष्ट सांगून वाटेला लावतोय, असं वाटलं. म्हणून मी विचारलं, “बसवत कुठे त्यांना?”

काकाजींनी गमछ्याने तोंड पुसलं.

“इथंच. ओसरीत. मी लहान असताना पाह्यलं ते इथंच. बुढा, माहा आजा, होता तोवर इथंच बसले. बुढा गेला, मग बुढीनं आत माजघरात पाट टाकला.”

तेव्हा माझा विश्वास बसला. खोटंच सांगायचं असतं तर त्यांनी पहिल्या वर्षापासून माजघरातच बसवलं असतं.

त्यांनी काकाचं पूर्ण नाव माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून दिलं. कारणही कळवू का, असं मी विचारलं. वही मिटून माझ्या हातात देत म्हणाले, “कळवा. आमच्या घरचंच हाय ते.” मी निघाले, तर फाटकापर्यंत आले.

“बुढी गेली अन् तुमच्या आबाजीचं येणं थांबलं. मग काकाच्या पानावर कोणीच बसलं नाही. औंदा तुम्ही याल का?”

“आम्ही हे मानत नाही, काकाजी. आणि मी बाईमाणूस.”

“मानत तं तेही नोते. दरसाल म्हणत, मी मानत नाही. अन् जेवत.”

इंग्रज बाईला मी नाव कळवलं, कारणही कळवलं. ‘अस्पृश्यता’ समजावून सांगायला मला तीन मेल लागले. आबाजींचं नाव यादीतून निघालं. त्या दिवशी मी घरात एकटीच रडले, आणि त्यांची माफी मागितली, मोठ्याने.

सर्वपित्रीला मी गेले. कुठे बसवतात ते बघायलाच गेले, खोटं कशाला बोलू. पाट माजघरात होता. सुनेने वडे, कढी, खीर वाढली. ती मला न्याहाळत होती आणि मी तिला. जेवण झाल्यावर मी ताट उचलायला वाकले, तर काकाजींनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. सून धावली, तिलाही दिलं नाही. गुडघ्यावर हात टेकत ते मोरीपाशी बसले आणि राख घेऊन माझं ताट घासू लागले. मी त्यांना थांबवलं नाही.