ठासणीच्या टोप्या

महाडच्या बाजारात माझ्या मित्राचं बंदुकांचं परवानाधारक दुकान आहे. तिथे एकदा पोलादपूरकडच्या वाडीवरचे एक आजोबा भेटले. ठासणीच्या बंदुकीत ठिणगी पाडणाऱ्या टोप्या ते निवडत होते. जावई निवडतानाही कोणी इतकं पारखत नसेल! एकेक टोपी उजेडात धरायची, फुंकायची, हिरवट डाग दिसला की बाजूला ठेवायची. दारूही त्यांनी कागदावर ओतून घेतली आणि दमट नाही ना, ते निरखून पाहिलं.

"आजोबा, आजवर किती डुकरं पाडलीत?" मी चिडवलं.

"एक पण नाय. ती आवाजानंच पळतात."

"मग एवढी निवड कशाला?"

"मी रातचा शेतात राखणीला, म्हातारी खाली घरात. बार ऐकला की तिला कळतं, मी बरा हाय. गेल्या साली टोपी दमट निघाली, बार झालाच नाय. गुडघे धरत, बॅटरी घेऊन अख्खा डोंगर चढून आली."

"मग?"

"मला धडधाकट बघितला आणि अशी कडाडली, की डुकरं पार सावित्री नदीपलीकडं गेली!"

हे सांगताना ऐंशीच्या घरातले ते आजोबा चक्क लाजले.