हातभर दांड्याची आकडी

खाऱ्या पाण्याने गंजलेल्या लोखंडाचा वास आला की आखातातल्या जबल अलीचा तो किनारा आठवतो. कायाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीतून, मासेमारी करणाऱ्या आमच्या ग्रुपात बायकांच्या गळाला लागलेला मोठा मासा पुरुषांनीच वर घ्यायचा, अशी रीत होती. कुणी ठरवली, कुणास ठाऊक. मासा टोचून वर ओढायची हातभर दांड्याची आकडी मी स्वतः निवडून आणली, तेव्हा वडिलांचे एक मित्र हसले, "खेळणं आणलंस की! माझी बघ, पुरुषभर लांब." मी म्हटलं, "काका, ती मोठ्या बोटीची. इथे आपण अगदी पाण्यालगत बसतो. लांब दांड्याने वजन बाहेर गेलं की कायाक उलटलीच." उन्हं चढली आणि माझ्या गळाला सुरमई लागली. काका वल्हं मारत आले, "यल्ला, चल, दोरी इकडे दे!" "हात लावायचा नाही!" मी ओरडले. सुरमई दमेपर्यंत थांबले, कडेला आली तशी आकडी तिच्या पाठीत घातली आणि सरळ मांडीवर ओढली. कायाक डुलली, उलटली नाही. "बरं, फोटोसाठी तरी मला धरू दे," काका म्हणाले. "फोटोतही मीच धरणार." तो फोटो माझ्याकडे आहे, आणि त्या रीतीचं कारण आजवर एकाही पुरुषाला मला सांगता आलेलं नाही.