चोपडे मास्तरांच्या सायकलचा आवाज

चोपडे मास्तर यायच्या आधी त्यांचे बूट यायचे. शाळेच्या व्हरांड्यात फरशी होती आणि मास्तरांच्या बुटांच्या टाचांना लोखंडी नाल. ते चालू लागले की पहिलीपासून सातवीपर्यंतची पोरं पाट्या पुसायला लागायची. मोताळ्याकडच्या आमच्या त्या खेड्यात बाकीचे सगळे गुरुजी वहाणा घालत. मास्तरांनी खामगावहून काळे बूट आणले आणि चांभाराला समोर बसवून चांगली जाड नाल ठोकून घेतली. माणूस आला हे लोकांना कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. मला कळायचं, आणि डोक्यात तिडीक जायची.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मीही त्याच शाळेत शिकवायचो. मास्तरांच्या आणि माझ्या वर्गात फक्त लाकडी फळ्यांची एक आडभिंत होती, त्यामुळे त्यांचं बोलणं दिवसभर माझ्या कानावर पडायचं. बोलणं कसलं, खोड काढणं. शिपायाने घंटा दिली तर ती एका बाजूने वाजली. माझ्या डब्यातल्या भाजीत मीठ जास्त, शेजाऱ्याच्या बैलाचं एक शिंग खाली. स्वतःच्या भाजीची चव मात्र त्यांनी मला कधी दाखवली नाही. मी एकदा वैतागून विचारलं, की तुम्हाला जगात काही धड दिसतं का. त्यावर ते समाधानाने हसले.

"दोष पाहाले नजर लागते, गुरुजी," ते म्हणाले. "ते सगळ्याइले नसते."

ही नजर घेऊन ते स्वतःसाठी मुलगी पाहायला मलकापूरला गेले, तेव्हा सोबत मलाही ओढलं. गावाबाहेर सीतारामजींचा मळा होता. वांगी, मुळे, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं लावायचे आणि बाजारात नेऊन विकायचे. घरात राबता, माणसं सरळ. कमल, त्यांची थोरली, सातवी झालेली. चहापोहे झाले, नाव-गाव विचारून झालं, आणि मग मास्तरांच्या आईने मुलीला परातीतल्या पाण्यात पाय बुडवून ओसरीच्या फरशीवर चालून दाखवायला सांगितलं. आमच्याकडे तेव्हा ही रीतच होती. ओल्या पावलाचा ठसा पूर्ण उमटतो की नाही, पाय सपाट आहे की वाकडा, हे पाहूनच मुलगी पसंत करायची. ती पोर मान खाली घालून ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली. आई वाकून ठसे पाहत होती आणि मास्तरही खुर्चीतून वाकले होते, बूट घातलेले पाय खुर्चीखाली घेऊन.

"डावा अंगठा थोडा बाहेर जाऊन राह्यला," मास्तर म्हणाले. "पन चालते."

सीतारामजींनी हात जोडले. मला तेव्हाच उठून निघून यावंसं वाटलं होतं.

लग्नात मास्तर रुसले. नवरदेवाने पंगतीत रुसायचं आणि सासऱ्याने त्याची समजूत काढायची, ही तर गमतीची चाल. पाच मिनिटं हसणं-खिदळणं होतं आणि नवरदेव अंगठी घेऊन जेवायला लागतो. मास्तरांना गंमत कशी ती ठाऊकच नव्हती. ते खरोखर रुसले. पंगत खोळंबली, वरण थंड झालं, म्हातारी माणसं पानावर ताटकळत बसली, तरी हे घास उचलेनात. शेवटी सीतारामजींनी नव्या सायकलचा शब्द दिला, तेव्हा मास्तरांनी आधी वरणात मीठ कमी आहे असं सांगितलं आणि मग जेवले.

शब्दाप्रमाणे सायकल आली. हिरवी, कॅरियरवाली, हँडलला झिरमिळ्या लावलेली. मास्तर तिच्यावर बसून गावातून एक फेरी मारून आले आणि उतरले ते कपाळाला आठ्या घालूनच. सायकल आवाज करत होती. उजवं पायडल खाली गेलं की टक्. पुन्हा फिरून खाली आलं की पुन्हा टक्.

मग त्या आवाजाचा शोध सुरू झाला आणि त्यात माझे कितीतरी रविवार गेले. गावातल्या सायकल दुकानदाराने आधी पायडलचा दांडा धरणारी कॉटर-पिन काढून नवी ठोकली. आवाज तसाच. चेन उतरवली, धुतली, तेल पाजलं. मडगार्डचे नट आवळले, सीटच्या स्प्रिंगांत चिंध्या कोंबल्या, शेवटी पायडलची धुरी उघडून जुने छर्रे काढून नवे भरले. प्रत्येक वेळी दुकानदार अनवाणी पायाने सायकल चौकापर्यंत पिटाळायचा आणि सांगायचा की काही आवाज नाही. मी माझ्या वहाणा घालून चालवली, मलाही काही ऐकू आलं नाही. मग मास्तर बसायचे आणि पहिल्याच फेऱ्याला टक्. दुकानदार लबाड आहे आणि माझ्या कानात मळ आहे, असा निकाल त्यांनी दिला.

इथवर मी हसून सोडून दिलं असतं. पण एक दिवस त्यांनी कमलला आणि सायकलला एकाच बैलगाडीत घालून मलकापूरला पाठवून दिलं. सासऱ्याने खोटा माल गळ्यात मारला, आता सायकलचा आवाज बंद होत नाही तोवर दोघींनीही परत यायचं नाही, असा निरोप बरोबर. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याने टाकलेली पोर म्हणून तिच्याकडे मळ्यावरच्या बायका कशा बघतील, हे त्या माणसाच्या डोक्यातही आलं नाही. मी त्यांना तोंडावर सांगितलं, की मास्तर, हा नीचपणा आहे.

"ज्यानं दिलं त्यानं निस्तरावं," ते म्हणाले आणि वर्गावर गेले. टक, टक, टक.

पोळा होऊन गेला आणि सीतारामजींचा सांगावा आला, की सायकल ठीक झाली आहे, येऊन पाहून जा. साक्षीदार म्हणून मास्तरांनी मला बरोबर घेतलं. मळ्यावर गेलो तर सायकल ओसरीसमोर पुसून ठेवलेली. कमलचा भाऊ गजानन रोज त्याच सायकलवर भाजीची पोती लादून बाजारात जात होता. त्याने आमच्यासमोर विहिरीपर्यंत चक्कर मारून दाखवली. चेनच्या सळसळीशिवाय काही नाही. सीतारामजींचा चेहरा जरा उजळला. मग मास्तर बसले, आणि टक्.

ते तिथेच उतरले. आम्हाला फसवायला बोलावलं, हा पोरगा मुद्दाम हळू पायडल मारतो, असं बरंच काही बोलले. सीतारामजी नुसते हात जोडून उभे होते. पोरगी नांदायला जावी एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी ते स्वतःला चोर म्हणवून घ्यायलाही तयार झाले असते. तेवढ्यात कमल ओसरीवरून खाली आली. तोवर मी तिचा आवाज नीट ऐकलाही नव्हता.

"बूट काढून चालवा," ती नवऱ्याला म्हणाली.

मास्तर तयार होईनात. गजानन पुढे झाला तेव्हा त्याच्या धिप्पाड अंगाकडे बघून तयार झाले. बूट निघाले. मास्तर अनवाणी पायांनी सायकलवर बसले, विहिरीपर्यंत गेले, वळले, परत आले. आवाज नव्हता. कमलने त्यांचा उजवा बूट उचलून आम्हाला दाखवला. टाचेची नाल आतल्या अंगाला घासून चकाकत होती. मग तिने पायडलच्या दांड्यावर बोट ठेवलं. तिथला मुलामा नेमका तेवढाच खरवडला होता. रोज सकाळी बुटांना पॉलिश तीच करायची आणि माहेरी आल्यापासून सायकलही तीच पुसायची, म्हणून दोन्ही खुणा तिच्या ध्यानात आल्या होत्या. मास्तरांचा उजवा पाय फेंगडा होता. चवडा बाहेर आणि टाच आत. पायडल मारताना प्रत्येक फेऱ्याला टाच दांड्याला लागायची.

मी मास्तरांच्या उघड्या पायांकडे पाहिलं. इतकी वर्षं शेजारी बसून मलाही ते दिसलं नव्हतं.

"चांभारानं नाल वाकडी ठोकली," मास्तर म्हणाले.

अशा वेळी माणूस निदान गप्प बसतो. यांना तेही जमलं नाही. कमलने बूट त्यांच्यासमोर ठेवला.

"पाह्याले आले तवा तुमी मले ओल्या पायानं चालाले लावलं," ती म्हणाली. "तुमचे पाय कोनी पाह्यलेच नाही."

सीतारामजी घाबरले. पोर अजून अल्लड आहे, जावईबापूंनी मनावर घेऊ नये, दोघींनाही घेऊन जावं, असं काहीबाही सांगू लागले. कमलने बापाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा मऊ झाला. ती सासरी गेली नाही तर हा माणूस झुरून जाईल, हे तिला दिसत होतं.

"मी येतो," ती नवऱ्याला म्हणाली. "सायकल येत नाही. ते गजाननची."

परतताना मास्तर एस.टी.त खिडकीकडे तोंड फिरवून बसले. मी मात्र रस्ताभर कमलवहिनींशी गप्पा मारत आलो.

पुढे मास्तर निवृत्त होईपर्यंत पायीच शाळेत आले, त्याच नाल मारलेल्या बुटांनी. सुधारले वगैरे काही नाहीत. पोरांच्या अक्षरात, शिपायाच्या घंटेत, माझ्या भाजीत दोष काढणं चालूच राहिलं. फरक पडला तो फक्त घरात. वहिनींच्या स्वयंपाकाला नाव ठेवायला त्यांनी तोंड उघडलं की वहिनी हातातलं काम थांबवायच्या आणि शांतपणे त्यांच्या पायांकडे बघायच्या. मास्तर तोंड मिटायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी कितीदा पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी मला गुदगुल्या झाल्या आहेत.

मास्तर गेले तेव्हा मी गावातच होतो. सांगायला लाज नाही, मला फारसं वाईट वाटलं नाही. अंगणात तिरडी बांधून झाली. मलकापूरहून गजानन आला होता. रीतीप्रमाणे त्याने मास्तरांच्या पायांचे दोन्ही अंगठे जुळवले आणि सुतळीने आवळून बांधले. दारात बसलेल्या वहिनी ते बघत होत्या. त्या उठून जवळ आल्या.

"ढिले बांध," त्या भावाला म्हणाल्या. "त्याईले सवय नाही."

गजाननने गाठ सैल केली. मास्तरांचा उजवा पाय सावकाश बाहेरच्या अंगाला कलला, आणि वहिनींनी तो तसाच राहू दिला.