साहेब उठून गेले

आमच्या शिरवण्यात गावकीची बैठक देवळाच्या ओट्यावर भरायची, आणि तिथे हात वर करून मत द्यायची पद्धत नव्हती. ज्याला ठराव मान्य तो बसून राहायचा. ज्याला मान्य नाही तो खांद्यावरचा टॉवेल झटकून उठायचा आणि सरळ घरी चालू लागायचा. बोलायची गरजच नसायची, कारण एक माणूस उठला की ठराव तिथेच अडकला. मग दोघेतिघे जाणते त्याच्या घरी जायचे, चहा प्यायचे, त्याचं म्हणणं ऐकायचे आणि थोडं त्याचं, थोडं गावाचं असं करून त्याला परत आणून बसवायचे. तो बसेपर्यंत निर्णय झाला असं कुणी म्हणायचं नाही. एक म्हातारा तर नुसता चहासाठी उठतो अशी बोलवा होती, पण त्यालाही आणायला जावंच लागायचं.

हे आधी सांगते, कारण हे माहीत नसेल तर माझे वडील भोळसट होते असं तुम्हाला वाटेल. ते भोळसट नव्हते. मिठागरावर येणाऱ्या व्यापाऱ्यांशी त्यांनी उभी हयात भाव केला, आणि त्यांना गंडवणारा व्यापारी मी तरी पाहिला नाही.

सत्तरच्या दशकात खाडीच्या अलीकडे नवं शहर वसवायचं ठरलं आणि आमची शेतं गेली. भाव सरकारने ठरवला. त्या पैशात पुढे त्याच शहरात मोरीएवढी जागासुद्धा आली नसती. आमची निम्मी जमीन गेली, कुणाची सगळी गेली. शेजारी एक काकी होती, बाबांपेक्षा वयाने बरीच मोठी, बाबाही तिला काकीच म्हणत; तिची खाडीलगतची दोन्ही शेतं गेली. नवरा आधीच वारला होता. हाती आलेला पैसा मुलाच्या दुखण्यात संपला आणि मुलगाही राहिला नाही. पुढे नेरुळच्या बाजूला इमारती उठू लागल्या तेव्हा काकी तिथे घमेली उचलायला जाऊ लागली. एकदा आमच्या ओटीवर टेकून तिने सहज सांगितलं की आज ज्या खड्ड्यातली माती काढली तिथे तिची चिंच होती. ती रडली नाही, पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

अशात निवडणूक आली. खासदारकीला उभे राहिलेले साहेब आमच्या ओटीवर आले, चटईवर बसले, आईने केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी त्यांनी मागून घेतली. बाबा गावकीतले पंच. त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, ज्यांच्या जमिनी आधी गेल्या त्यांना वाढीव भाव मिळावा म्हणून दिल्लीत मत द्याल का? साहेबांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमचं काम ते माझं काम." बाबांनी गावकीत शब्द टाकला. कुणी उठलं नाही. सगळं गाव एकाच चिन्हावर गेलं. काकी तर मतदानाच्या सकाळी आमच्या दारात येऊन म्हणाली, "शिक्का कुटं मारू ते तेवरं सांग, बाकी तुला ठावं."

साहेब निवडून आले. दिल्लीला निघाले तेव्हा बाबांनी गावातर्फे तांदळाचं पोतं त्यांच्या कचेरीत पोचवलं, तिकडे त्यांना चपात्या खाव्या लागतात म्हणून. आई म्हणाली, "सरकार त्यांना बंगला देतं, फोन देतं, विमान देतं. तांदूल तेवरा देत नसेल." बाबांना राग आला. पाहुण्याला रिकाम्या हाताने धाडत नाहीत, एवढंच ते म्हणाले.

मी तेव्हा वाशीच्या कॉलेजात जात होते. राज्यशास्त्र घेतलं होतं, त्यामुळे घरात मला जरा जास्तच शहाणी समजत आणि मीही स्वतःला समजत होते. अधूनमधून साहेबांच्या कामाची छापील पत्रकं गावात येत. साहेब अधिवेशनाला नियमित हजर असतात, साहेबांनी रेशमाच्या किड्यांविषयी प्रश्न विचारला, साहेब अमक्या समितीबरोबर दक्षिणेत दौऱ्यावर गेले. आमच्या पंचक्रोशीत रेशमाचा किडा कुणी पाहिला नव्हता. बाबा मात्र पत्रक भिंतीला लावत आणि म्हणत, प्रश्न विचारतात ना, मग आपलाही विचारतील.

शेवटी आमचाही निघाला. जमिनीच्या कायद्यातल्या बदलाचं बिल दिल्लीत आलं. भाव वाढणार होता, पण यापुढे ज्यांच्या जमिनी जातील त्यांच्यासाठी. विरोधी बाकावरच्या कुणा सदस्याने उपसूचना मांडली की आधी जमिनी गेलेल्यांनाही तोच भाव द्यावा. आमचं सगळं त्या एका उपसूचनेवर होतं. गावात दुसरं बोलणं नव्हतं. काकी कामावर जाताना रोज थांबून विचारायची, "झालं का दिल्लीचं?"

निकाल कळला तो असा. बाबा साहेबांच्या कचेरीत गेले होते. तिथल्या माणसाने सांगितलं, मत घ्यायची वेळ आली तसे साहेब उठून सभागृहाबाहेर गेले. बाबा तुर्भ्याहून पेढे घेऊनच घरी आले. पायही न धुता आईला म्हणाले, "साहेब उठले. भर दिल्लीत, समद्यांच्या देखत उठले." संध्याकाळपर्यंत ही बातमी घराघरात गेली. जाणती माणसं एकमेकांना सांगत होती की आता थोडा वेळ लागेल, पण काम अडलं ते अडलं. साहेबांच्या सत्काराचंही त्याच ओट्यावर ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या वाचनालयात वर्तमानपत्र पाहिलं. आतल्या पानावर चार ओळी होत्या. उपसूचना फेटाळली गेली होती आणि बिल मंजूर झालं होतं. मी सरांना विचारलं, बाहेर गेलेल्याचं काय होतं? सर म्हणाले, काही होत नाही, जे आत असतात त्यांचीच मतं मोजतात.

घरी येताना बसमध्ये मला एकच प्रश्न पडला होता. बाबांना हे सांगायचं कसं? पण सत्काराच्या दिवशी गावासमोर फजिती होण्यापेक्षा आज घरात कळलेलं बरं, असा विचार करून मी जेवताना सगळं सांगितलं. बाबांनी घास ताटात ठेवला.

"कोन बोललं तुला?"

"पेपरात आलंय. सरही म्हणाले."

"तुजे सर कदी गावकीत बसलेत?"

"बाबा, ती गावकी नाहीये. तिथे उठून गेलेल्याला कुणी मोजत नाही."

"आगो, येवरुश्या गावात उटलेल्या मानसाला इचारल्याबिगर ठराव पुरं जात नाय, आनि येवरं मोटं सरकार तसंच पुरं जाईल? गेली असतील मानसं त्यांना आनायला. चाललं असेल बोलनं. पेपरवाल्यांना काय ठावं." मग म्हणाले, "तू पुस्तकं वाचलीस पोरी, पन गावकीत बसली नायस."

मला राग आला. गावकीत बायकांना बसू देतं कोण, असं मी म्हणणार होते, पण आईने डोळ्यांनी गप्प केलं. बाबांचं म्हणणं चुकीचं होतं हे मला कळत होतं, आणि तरी ते अडाणीपणाचं नव्हतं. माणूस उठून गेला तर त्याला विचारायला नको का? आज इतक्या वर्षांनीही मला याचं उत्तर सापडलेलं नाही. पण तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि मला फक्त बरोबर ठरायचं होतं.

सत्कार शाळेच्या पटांगणात झाला. मांडव घातला, बायकांनी नऊवारी काढली, काकीने त्या दिवसाचा खाडा केला. साहेबांची पांढरी गाडी आली. साहेब भाषण चांगलं करत. दिल्लीतल्या थंडीत सकाळी अकराला सभागृहात कसं हजर राहावं लागतं, मतदारसंघातून येणाऱ्यांच्या चहापाण्यातच भत्ता कसा संपतो, हे त्यांनी हसवत हसवत सांगितलं. जमिनीचा विषय शेवटी आला. ते म्हणाले, "पक्षाचा आदेश होता की उपसूचनेच्या विरोधात मत द्या. पण तुमच्या विरोधात हात वर करणं माझ्या जिवावर आलं. मी उठून बाहेर गेलो." टाळ्या थांबेचनात. ते खोटं बोलत होते असं मी आजही म्हणणार नाही. आपण आमच्यासाठी काहीतरी केलं असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मग शाल घालायला बाबा उठले. शाल हातातच होती. त्यांनी एकदा बायकांच्या बाजूला पाहिलं, मला शोधलं, आणि मी दिसल्यावर साहेबांकडे वळून मोठ्याने विचारलं, "साहेब, तुमाला परत न्यायला कोन कोन आलं होतं?"

साहेबांना प्रश्न कळला नाही. बाबांनी पुन्हा समजावून विचारलं, "तुमी उटून बाहेर आलात. मंग आतनं मानसं आली असतील ना, काय पायजे ते इचारायला?"

साहेब हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. "अहो, तिथे कोण येतंय न्यायला? बाहेर गेलं की गेलं. मी चहा घेतला. आत तोवर सगळं आटपलंही होतं."

 जाणत्यांनी माना खाली घातल्या. गावाला जे कळायचं ते कळलं होतं. मी बरोबर ठरले होते आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.  बाबांनी शाल नीट उलगडून साहेबांच्या खांद्यावर घातली, नारळ दिला, नमस्कार केला. पाहुण्याचं पुढचं सगळं रीतसर झालं. साहेब जेवले, त्यांनी भाकऱ्यांचं कौतुक केलं आणि ते गेले.

घरी आल्यावर बाबा माझ्यावर रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. भिंतीवरची पत्रकं त्यांनी काढली नाहीत, त्यांच्याकडे पाहिलंही नाही. आईने चहा केला, तो तसाच निवला.

सकाळी कामावर जाताना काकी नेहमीसारखी दारात थांबली. बायकांच्या गर्दीत ती मागे बसली होती. साहेबांचं बोलणं तिला नीट ऐकू आलं नव्हतं, टाळ्या मात्र ऐकू आल्या होत्या. डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन तिने विचारलं, "मंग रं, भाव मिलनार ना आता?"

बाबा ओटीवर बसले होते. कुणा दुसऱ्याने सांगावं असं त्यांना वाटलं असेल, पण तिथे माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं, आणि तिचं मत त्यांनीच मागितलं होतं. ते उठून तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"नाय मिलनार, काकी. तवाच समदं झालंय. माजं चुकलं. मी तुला नको तितं शिक्का मारायला लावला."

बाबांच्या तोंडून चुकलं हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. काकीने त्यांच्याकडे पाहिलं. तिला वाईट वाटलं ते आपल्या शेताचं नव्हे, त्यांचंच, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"तुजं कशाला चुकेल पोरा," ती म्हणाली, "तू तं हितंच होतास." आणि चुंबळ डोक्यावर ठेवून ती नेरुळच्या रस्त्याला लागली. बाबा दाराची चौकट धरून रडू लागले, आणि आई आतून बाहेर आली.